वरचा फोन

“परवापर्यंत चालायलं होतं बघ,” भामाकाकू म्हणाल्या.

मी फरशीवर बसून त्यांच्या कम्प्युटरचा डबा उघडला होता, आणि आतली धूळ काही परवाची नव्हती. नेटची वायर जिथं लागते त्या कार्डावर जळल्याचा काळा डाग होता. डागावर पण धूळ होती. म्हणजे जळून महिने झालेले.

“काकू, परवा म्हणजे कधी?”

“परवा गं. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला नाही का, तवा.”

तो उडाला उन्हाळ्यात. त्या आठवड्यात आमच्या चिक्कडपल्लीच्या दुकानात बरकतपुऱ्याच्या जळक्या मशीनांची रांग लागली होती. आता तर संक्रांत पण होऊन गेली.

पण हैदराबादचं परवा असंच असतं. इथं उर्दूवाले परसों म्हणतात, त्यांचं ऐकून आपले लोक परवा म्हणतात, आणि त्यात मागचा सोमवार पण बसतो आणि निजामाचं राज्य पण. माझा बाप म्हणतो, मी परवा परभणीहून आलो. तेव्हा माझ्या आईचं लग्न पण झालेलं नव्हतं.

“नाव काय तुझं?”

“निशिगंधा.”

“आडनाव?”

आडनाव विचारलं की माझं टाळकं सरकतं. शाळेत ह्याच्यावरूनच एका बाईंच्या टेबलावर मी डस्टर आपटलं होतं आणि त्यानंतर शाळेत गेलेच नाही.

“सोनकांबळे,” मी म्हटलं, जरा मोठ्यानंच.

“ह्यांच्या दवाखान्यात एक सोनकांबळे सिस्टर होत्या. मलकपेठच्या. फोनवर आवाज इतका गोड, हे म्हणायचे, पेशंट आधी त्यांच्या आवाजानंच अर्धा बरा होतो. साखर किती घालू चहात?”

मी तयार ठेवलेलं भांडण तसंच राहिलं. “दोन चमचे,” मी म्हटलं.

दुकान माझ्या मावशीच्या मुलाचं, रितेशदादाचं. त्यानं मला पाठवताना एवढंच सांगितलं होतं की एक म्हातारी बाई आहे, नेट येत नाही, कार्ड बदल आणि ये. मशीनमधे विंडोज नाही, लिनक्स आहे, ते पण मी लहान असतानाचं, हे त्यानं सांगितलं नव्हतं. चालू केलं तर चित्रबित्र काही नाही. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं.

“पासवर्ड काय, काकू?”

काकूंनी कपाटाकडं बघत सांगितलं, “माझं नाव.”

मग हळूहळू सगळं कळलं. काकूंचे मिस्टर, नागोराव, जन्मभर एका मोठ्या दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. आलेला फोन घ्यायचा, कुठल्या वॉर्डात द्यायचा तिथं द्यायचा. मधे दवाखान्याचे फोन कम्प्युटरवर गेले तेव्हा ते हे लिनक्स शिकले. पुढं दवाखान्यानं नवीन मशीन घेतलं आणि जुनं भंगारात काढलं, ते काकांनी घरी आणलं. त्यावर घरातले दोन फोन चालायचे. एक इथं हॉलमधे, एक वरच्या खोलीत. म्हणजे दोन फोनांचं एक टेलिफोन एक्सचेंज. मशीनचं कार्ड जळलं, दोन्ही फोन मेले.

“मला दुसरं काही नको,” काकू म्हणाल्या. “फक्त वरचा फोन लागला पाहिजे. शनिवारच्या आत.”

“शनिवारी काय आहे?”

“अनिरुद्ध येणार आहे. माझा मुलगा, पुण्याला असतो. तो आला की हे सगळं काढून टाकणार.”

“वर कोण असतं?”

“हे.”

बरं, म्हटलं. मी कामाला लागले.

बॅगेतलं नवं कोरं कार्ड लावलं. मशीनला कळत होतं की काहीतरी खुपसलंय, पण काय ते कळत नव्हतं. ड्रायव्हर नव्हता. ड्रायव्हर म्हणजे मधला माणूस. कार्ड बोलतं तेलगू, मशीनला येते मराठी, आणि मधे सांगणारा कोणी नाही, असं समजा. ते कार्ड ह्या मशीनच्या कितीतरी नंतर जन्मलेलं. त्याचा ड्रायव्हर बाहेरून आणून बसवायला गेले तर मशीननं पानभर शिव्या दिल्या. मी पण दिल्या.

“काय म्हणलीस?” काकू आतून म्हणाल्या.

“तुम्हाला नाही, काकू.”

मग मी बॅग उलटी केली. खाली एक जुनं कार्ड निघालं, जळालेल्या कार्डाच्याच कंपनीचं, तसंच. ते लावलं. चालू केलं. कार्डाचा हिरवा दिवा लागला. ड्रायव्हर आपोआप आला, ह्या कार्डाला मशीन ओळखत होतं. मी म्हटलं, झालं.

झालं नाही. दिवा लागलेला, ड्रायव्हर बसलेला, वायर ठीक. आणि मशीन म्हणतंय, ईथ-झिरो सापडत नाही.

लिनक्समधे पहिल्या नेटकार्डाचं नाव ईथ-झिरो असतं. दुसरं असेल तर ईथ-वन. मी ड्रायव्हर काढला, परत घातला. मशीन बंद केलं, परत चालू केलं. चालू होताना ते जे बडबडतं ते सगळं वाचायला बसले, कारण रितेशदादा नेहमी म्हणतो की मशीन खोटं बोलत नाही, आपण ऐकत नाही.

आणि ती ओळ दिसली.

मशीन माझ्या कार्डाला ईथ-झिरो नाव देत होतं. आणि पुढच्याच ओळीत ते नाव काढून घेत होतं. काढून घेऊन ईथ-वन ठेवत होतं.

मी परत बंद-चालू केलं. परत तेच. दिलं, काढून घेतलं.

डब्यात टॉर्च मारून बघितलं. कार्ड एकच होतं. जळकं माझ्या मांडीजवळ फरशीवर पडलेलं. पण मशीनच्या हिशोबानं पहिल्या जागेवर अजून कोणीतरी बसलेलं होतं, आणि त्याला उठवायचं नव्हतं. बाहेर ऊन होतं, शेजारी कोणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, आणि माझ्या हातावर काटा आला. मला स्वतःचाच राग आला. एवढ्याशा पांढऱ्या अक्षरांनी काय घाबरायचं.

म्हटलं, दुसऱ्या बाजूनं बघू. “काकू, काकांना विचारा ना, वरच्या फोनचा दिवा चालू आहे का.”

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. “त्यांना उठता येत नाही. लकवा आहे. उजवी बाजू पूर्ण.”

“झोपल्या झोपल्या दिसेल की.”

काकूंनी कप या हातातून त्या हातात घेतला.

“मीच बघून येते.”

“कुलूप आहे,” काकू म्हणाल्या.

मी उठलेच. लकव्याचा माणूस, आणि बाहेरून कुलूप. माझ्या डोक्यात अशा वेळी दुसरं काही राहत नाही. “किल्ली द्या,” मी म्हटलं. त्यांनी दिली नाही. मी तशीच बाहेर पडले.

वरचा जिना घराच्या बाहेरून होता, गेटच्या बाजूनं. दोन पायऱ्या चढले आणि माझी चाल आपोआप कमी झाली. पायऱ्यांवर बदामाची वाळलेली पानं पडलेली होती. एकही तुडवलेलं नव्हतं. कुलपाच्या कडीपासून चौकटीपर्यंत कोळ्यानं जाळं केलं होतं.

खिडकीची काच हातानं पुसून आत बघितलं. खाट होती. खाटेवर गादी गुंडाळून सुतळीनं बांधलेली. खाटेच्या अगदी जवळ एक स्टूल, स्टुलावर फोन. आणि त्या फोनचा बारीक दिवा चालू होता. माणूस नव्हता. कित्येक दिवसांत नव्हता, हे त्या खोलीकडं बघून शेंबडं पोरगं पण सांगेल.

खाली आले तर काकू तिथंच उभ्या, हातात कप.

“काकू, वर कोणी नाही.”

“हो,” काकू म्हणाल्या. “चहा गार होईल, घे.”

त्यांच्या कपाळावर टिकली होती. हातात हिरव्या बांगड्या होत्या. मला वाटतं की माझ्या नजरेतून काही सुटत नाही, आणि त्यांच्याच घरात बसून दीड तास मला काही कळलं नव्हतं. मी चहा घेतला. 

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. त्या बोलल्या, हो, जेवले, हो, गोळी घेतली, आणि मग म्हणाल्या, “ती कम्प्युटरवाली आलीय. पोरगी आहे. का? बरं, देते.” आणि मोबाईल माझ्या हातात देऊन आत गेल्या.

“नमस्कार, मी अनिरुद्ध बोलतोय. तुम्ही त्या मशीनसाठी आलात का?”

“हौ.”

“किती वर्षांची आहेस तू?”

“काम येतं मला.”

“नाही, तसं नाही.” त्याचा आवाज दमलेला होता. “ऐक, आई आत गेली का? बाबा जाऊन दोन दसरे झाले. हे तुला तिनं सांगितलं का?”

“नाही.”

“वाटलंच. शेजारच्या सुजातामावशींचा फोन आला होता. आई त्यांना म्हणाली, परवा ह्यांच्याशी फोनवर बोलले, तेव्हा बरं वाटलं. परवा. कळतंय का तुला? मी शनिवारचं तिकीट काढलंय. डॉक्टरला दाखवतो आणि इकडंच घेऊन येतो. घर भाड्यानं देऊन टाकू.”

“त्या यायला तयार आहेत का?”

“नाही. पण तिला भास होत असतील तर मी तिला एकटी कशी ठेवू? गॅस आहे घरात. एक काम करशील? तू मशीनमधे बघू शकतेस ना, कोणता फोन कधी लागला ते? बाबांच्या नंतर आई वरच्या खोलीत फोन लावत होती का, एवढंच मला सांग. लावत नसेल तर मी सुजातामावशींचं मनावर घेत नाही. लावत असेल तर मग बघायलाच पाहिजे. मी मीटिंग संपली की करतो.”

मला त्याचा राग यायला पाहिजे होता. येत होता पण. पण तो रडवेला होता, आणि रडवेल्या माणसावर मला नीट चिडता येत नाही.

मी रितेशदादाला फोन लावला. तो कुठल्यातरी हॉटेलात वायर ओढत होता.

“दादा, कार्ड घेतंय, ड्रायव्हर घेतंय, पण नाव देऊन परत काढायलंय.”

“ईथ-झिरो देत नाही?”

“देतंय आणि काढतंय.”

“हां, जुन्या लिनक्सला सवय होती ती. अगं, प्रत्येक कार्डाला आपला नंबर असतो. मशीन एका फाईलमधे लिहून ठेवतं, ह्या नंबरचा म्हणजे ईथ-झिरो. कार्ड मेलं तरी ते जागा सोडत नाही. तुझ्या कार्डाचा नंबर वेगळा, म्हणून त्याला दुसरी जागा. आणि फोनचं एक्सचेंज बसलंय पहिल्याची वाट बघत.”

“मग?”

“मग काय, उडव. मेलेल्याची ओळ पुसून टाक, नव्याला त्याचं नाव दे. एका मिनिटाचं काम. घाबरलीस का काय?”

“मी कशाला घाबरू,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मागं वळून बघते तर काकू दारात. स्पीकर चालू होता.

“कुणाचं नाव पुसायलीस?” त्यांनी विचारलं.

“कार्डाचं, काकू. हे जळकं आहे ना, ह्याचं. मशीन अजून ह्याची जागा धरून बसलंय.”

काकू खाली बसल्या. गुडघे वाजले त्यांचे. फरशीवरचं जळकं कार्ड त्यांनी उचललं, पदरानं धूळ पुसली.

“पुसलंच पाहिजे का?”

“दुसरं पण करता येतं. ह्याचं नाव ह्याच्याकडं राहू द्यायचं, आणि एक्सचेंजला सांगायचं की आता ईथ-वनकडं बघ. पण ते लै ठिकाणी बदलावं लागतं. वेळ लागतो.”

“लागू दे की,” काकू म्हणाल्या. “मी कुठं जायलेय?”

रितेशदादा असता तर ऐकला नसता. मी पण एरवी ऐकत नाही. पण बसले. एकेक फाईल उघडायची, झिरो दिसला की वन करायचा. काकांनी प्रत्येक ओळीच्या वर इंग्रजी अक्षरात मराठी लिहून ठेवलेलं होतं, स्वतःसाठी. हा खालचा फोन. हा वरचा. इथं हात लावू नये. एका ठिकाणी लिहिलं होतं, हात चालत नाही म्हणून असं केलं. त्याच्या खालची ओळ मला समजली नाही. इथं हात लावू नये असं लिहिलेलं नव्हतं, तरी मी लावला नाही.

शेवटी मशीन परत चालू केलं. ह्या वेळी पण त्यानं नाव दिलं, काढून घेतलं, दुसरं दिलं. आणि मग पुढं गेलं. एक्सचेंज उठलं.

हॉलमधल्या फोनवर दोनच चिकटवलेल्या पट्ट्या होत्या. एकीवर ‘वर’ लिहिलेलं, दुसरीवर ‘दूध’, बाहेरची लाईन होती तेव्हाचं. मी ‘वर’चं बटण दाबलं. नुसती टेस्ट करायची होती. वाजतंय का, एवढंच.

एकदा वाजलं. आणि पलीकडून उचलला.

टक् असा आवाज आला, आणि लाईन उघडली. कोणीतरी फोन घेतल्यावर आधी कसं नुसतं असणं ऐकू येतं, बोलायच्या आधी, तसं. मी रिसीव्हर कानाला लावून तशीच उभी राहिले. वर कुलूप होतं. कुलपाला जाळं होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

रस्त्यावरून फुलवाला ओरडत गेला. “पुव्वुलू.” खिडकीतून ऐकू आलं, आणि मग जरा उशिरानं तेच कानात आलं, वरच्या खोलीतून. तोच फुलवाला, दोनदा.

“हॅलो,” मी म्हटलं.

माझा आवाज छतातून आला. मीच वरून मला हॅलो म्हणाले. आणि मग काहीतरी कुरकुरलं. खाट असेल. खाटेवर गुंडाळलेली गादी होती, तिला कुरकुरायला काय झालं होतं, ते मला माहीत नाही.

काकूंनी मागून येऊन रिसीव्हर माझ्या हातातून काढून घेतला. रागानं नाही, गरम भांडं लेकराच्या हातातून काढतात तसा.

“हॅलो म्हणायचं नाही,” त्या हळू म्हणाल्या. “जन्मभर त्यांनी हॅलोच ऐकलं.” आणि ठेवला.

“काकू, उचलला कोणी?”

“आपोआप उचलतो तो. त्यांनीच केलेलं, डाव्या हातानं, खाली येता यायचं तवा. लकव्यानं हात गेला ना, रिसीव्हर उचलता येईना. मग इथून मी लावला की वरचा स्वतःच उघडायचा, माझा आवाज तिकडं स्पीकरवर, त्यांचा इकडं. माझे गुडघे असे. दिवसातून दोनदा ताट घेऊन चढायचे, बाकी सगळं ह्याच्यावर. चहा ठेवू का. टीव्ही मोठा करू का. शेवटची तीन-चार वर्षं आमचा संसार ह्या वायरीवरच झाला म्हण ना.”

हात चालत नाही म्हणून असं केलं. ती ओळ ह्याची होती.

“मग ते गेल्यावर?”

“गेल्यावर पण उघडायचा,” काकू म्हणाल्या. “मी लावला की उघडायचा.”

त्यांनी बांगडी मागं सारली, पुढं आणली.

“मला माहीत आहे गं, वर कोणी नाही. मी येडी नाही. पण खालची शांतता वेगळी असते आणि वरची वेगळी. आत्ता ऐकलीस ना तू?”

मी ऐकली होती. मला खोटं बोलता आलं नाही. “हो,” मी म्हटलं.

“मग,” काकू म्हणाल्या, जणू ह्याच्यापुढं सांगायचं काही उरलेलं नाही.

मोबाईल वाजला. स्क्रीनवर अनिरुद्ध. काकूंनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी काही मागितलं नाही. नुसतं बघितलं, आणि मोबाईल माझ्याकडं सरकवून स्वतः खुर्चीत बसल्या, सरळ, डॉक्टरच्या दारात नंबर यायची वाट बघत बसतात तशा.

“हां, बघितलंस का?” तो म्हणाला.

“बघितलं.”

“मग? लावते का ती?”

“कशी लावणार? कार्ड जळलंय. ट्रान्सफॉर्मर उडाला तेव्हापासून दोन्ही फोन बंद आहेत. उन्हाळ्यापासून.”

“मग परवा बोलले म्हणाली ते?”

“तुम्ही हैदराबादचेच ना?” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, चढू दिला. “इथं शाळेत गेला ना तुम्ही? मग परवा म्हणजे काय माहीत नाही का तुम्हाला? परवा म्हणजे पुण्याचं परवा नाही. परवा म्हणजे कधीपण. त्या काका होते तेव्हाचं सांगत होत्या. तेवढ्यावरून तुम्ही आईला येडी ठरवून तिकीट काढलं?”

 मी म्हटलं आता हा विचारणार. बाबा गेले तेव्हापासून उन्हाळ्यापर्यंत मधे किती महिने होते, आणि तेव्हा फोन चालू होता, मग तेव्हा? एवढं साधं आहे. शिकलेला माणूस आहे, विचारणारच. 

तो हसला. हसताना त्याचा आवाज फुटला.

“परसों,” तो म्हणाला. “अरे देवा. बाबा म्हणायचे, परवा चारमिनारला ट्रामसारखं काहीतरी सुरू होणार होतं. मी म्हणायचो, कधी बाबा? तर म्हणायचे, तुझ्या आजोबांच्या लहानपणी.” नाक ओढल्याचा आवाज आला. “इतकी वर्षं झाली ना इकडं. मी विसरलोच ते. ती बरी आहे ना, नक्की?”

“माझ्यापेक्षा बरी आहे.”

“शनिवारचं रद्द करतो मग. होळीला येतो, निवांत. तू मशीनचं काय केलंस?”

“दुसरं कार्ड टाकलंय,” मी म्हटलं.

“असू दे,” तो म्हणाला. “बाबांचं आहे. असू दे.”

मी मोबाईल काकूंना दिला. त्या त्याच्याशी बोलल्या, हो, ये, होळीला ये, पुरण करते. ठेवल्यावर आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचं टाळत होतो. मी डब्याला स्क्रू लावले. काकूंनी जळकं कार्ड एका रुमालात गुंडाळून शोकेसमधे ठेवलं, पितळेच्या छोट्या घंगाळाशेजारी.

“जेवून जा,” त्या म्हणाल्या.

“नको काकू. दादा ओरडेल.”

“मग वरचेवर येत जा.”

हॉलमधली खुर्ची त्यांनी फोनजवळ ओढली होती, पण बटण दाबलं नव्हतं. मी जायची वाट बघत होत्या. मी बॅग खांद्याला लावली आणि दार माझ्या हातानं ओढून घेतलं.

बाहेर ऊन तिरकं झालं होतं. दादाची स्कूटी जिन्याखाली लावलेली. मी किल्ली काढली, लावणार, तेवढ्यात वरच्या खोलीतून कोणीतरी बोललं.

मी जागची हलले नाही. मला सगळं माहीत होतं. वायर कुठून कुठं जाते, नाव कुणाला दिलं, ड्रायव्हर कोणता, सगळं मीच केलेलं. तरी हलले नाही.

काकूंचा आवाज होता. खाली त्या इतक्या हळू बोलत असणार की दारातून काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त वरून येत होता, कुलूप लावलेल्या खोलीतून, खिडकीच्या काचेमागून.

“अहो, अनिरुद्धचा फोन आला होता,” खोली म्हणाली. “शनिवारी येत नाही आता. होळीला येतो म्हणला.”

मग थांबली. कोणी सावकाश, जड जिभेनं एक वाक्य पूर्ण करायला जेवढा वेळ घेईल तेवढी थांबली. वरच्या पायरीवरचं एक पान घसरून खालच्या पायरीवर आलं.

“हो ना,” खोली म्हणाली. “मी पण तेच म्हणलं त्याला.”

मी स्कूटी चालू केली नाही. गेट आवाज न करता ढकललं आणि गाडी हातानं ढकलत पार कोपऱ्यापर्यंत नेली.